पाण्याचा वाटा

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर धरला, की एक मौज ध्यानात येते. या जिल्ह्यातून अजिंठ्याच्या डोंगरांची रांग गेलेली आहे. रांगेच्या उत्तरेला पडलेले पावसाचे पाणी नळगंगा, ज्ञानगंगा यांसारख्या नद्यांतून उतरून पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे तापीला मिळते आणि तापी गुजरातेत सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला. रांगेच्या दक्षिणेकडचे पाणी मात्र पैनगंगेत येते. मेहकरच्या काठाने वाहणारी ही नदी पूर्वेकडे दूरवर जाऊन वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि हे सारे पाणी शेवटी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट होते ती अशी.

या वाटेवर कित्येक राज्यांच्या सीमा येतात. उत्तरेकडची पूर्णा मध्य प्रदेशातील सातपुड्यात उगम पावून आपल्याकडे येते, म्हणजे तेथे आपण घेणारे असतो. पैनगंगेचे पाणी आपल्याकडून खाली तेलंगणाच्या सीमेवर जाते; तेथे आपण सोडणारे ठरतो. नदीला सीमा ठाऊक नसते, परंतु धरण बांधणाऱ्याला ती ठाऊक असावी लागते. वरच्या राज्याने धरण बांधून पाणी अडवले, की खालच्या राज्यातील शेतकरी चिंतेत पडतो. नदी आमच्या डोंगरात उगम पावते, म्हणून पाणी आमचे, असे वरचे राज्य म्हणते. आमची शेते पूर्वापार या पाण्यावर भिजत आली, म्हणून पाणी आमचे, असे खालचे राज्य म्हणते. दोघांचेही बोलणे ऐकणाऱ्याला खरे वाटते. मग निवाडा कोणी करावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वाट आपल्या राज्यघटनेत आखलेली आहे. ती आखून देणाऱ्या पुरुषाला घटनेचे शिल्पकार म्हणून सारा देश ओळखतो. पण नद्यांच्या पाण्यासाठी त्याने केलेले काम फार थोड्यांना ठाऊक आहे. ते पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. घराणे मूळचे कोकणातले, आंबडवे गावचे. वडील सेवानिवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळाने साताऱ्यास येऊन राहिले. तेथेच आई भीमाबाई वारल्या. ज्या जातीत भीमराव जन्मले, तिला त्या काळी अस्पृश्य मानीत. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी त्यांनी नळाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. शिपायाने नळ उघडला, तर पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला, तर दिवसभर कोरड्या घशाने बसावे लागे.

१९०१ सालच्या उन्हाळ्यातील एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी पोरे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र न मिळाल्यामुळे त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, आणि बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर, एक गाडी मिळाली. मुलांजवळ शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हते. वाटेत एक ओहोळ लागला. त्यातले पाणी चिखलाने व शेणाने घाण झालेले होते. रात्री जकातनाक्यापाशी त्यांनी पाणी मागून पाहिले. तेथेही ते मिळाले नाही. शिदोरी तशीच बांधून मुले उपाशी निजली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोरेगावास पोहोचली. दहा वर्षांच्या मुलाने पाण्यासाठी काढलेली ती रात्र होती.

पुढील शिक्षणाची हकिगत तुम्ही अन्यत्र वाचली असेलच. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल व कॉलेज, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश, नंतर लंडनमधील अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईस परत, हा तो प्रवास. यांतील एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोलंबियातील त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, हिंदुस्थानातील मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, हा. कोणते काम कोणत्या सरकारचे आणि त्याचा पैसा कोणी द्यायचा, या प्रश्नाचा त्यांनी तरुणपणीच कसून अभ्यास केला होता.

परदेशातून ते परत आले त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. मागोमाग इतरांनीही पाणी घेतले. गावातील काही मंडळींनी त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला, आणि नंतर तळ्यातून घागरी भरून पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून तळे शुद्ध केल्याचे जाहीर केले. तळ्यावर इतर धर्मांचे लोक येत, गुरेढोरे येत. त्याने मात्र ते कधी बाटले नव्हते.

डिसेंबरात पुन्हा महाडला जाऊन पाणी घ्यायचे ठरले. तेवढ्यात विरुद्ध पक्षाने कोर्टात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला महाडात हजारो माणसे जमली, तेव्हा ती तळ्यावर जाण्यास अधीर झालेली होती. आंबेडकरांनी त्यांना थोपवले. न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, न्यायालयातच तो रद्द करून घ्यायचा, ही गोष्ट त्यांनी लोकांना पटवली. लोक शांतपणे तळ्याभोवतीच्या रस्त्याने मिरवणूक काढून परतले. आमच्या मते त्या दिवशी तळ्यापासून परत फिरणे हे मार्चमधील पाणी पिण्याहून कठीण होते.

खटला पुढे सुमारे दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये निकाल दिला, ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये तो कायम केला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे ठरले. दावा लावणाऱ्यांचे अपील फेटाळले गेले. एका तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कागदपत्रे, साक्षी आणि वकिली यांत कशी जातात, हे आंबेडकरांनी प्रतिवादी म्हणून अनुभवले होते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांची नेमणूक झाली आणि मजूर खाते त्यांच्याकडे आले. नावावरून वाटेल की या खात्यात केवळ कामगारांचे प्रश्न येत असतील. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. प्रत्येक प्रांत आपापल्या हद्दीतील नदीच्या तुकड्यापुरताच विचार करी. प्रांतांत तंटा झाल्यास गव्हर्नर जनरलकडे तक्रार करावी, त्याने मंडळ नेमून चौकशी करावी, आणि तेही न पटल्यास विलायतेत राजाकडे दाद मागावी, अशी तरतूद १९३५ च्या कायद्यात होती. सिंध प्रांताने पंजाबविरुद्ध अशी तक्रार केली होती. पंजाबने वरच्या अंगाला नवी धरणे व कालवे केले, तर आपल्या कालव्यांना पाणी पुरणार नाही, ही सिंधची भीती होती. सर बेनेगल नरसिंह राव यांच्या मंडळाने चौकशी करून १९४२ मध्ये अहवाल दिला. तो दोन्ही पक्षांना मान्य झाला नाही. प्रकरण लोंबकळत राहिले, आणि १९४७ मध्ये देशाची फाळणी होऊन तो तंटा दोन राष्ट्रांचा तंटा झाला.

आंबेडकर पदावर आल्यावर एका वर्षाच्या आत दामोदर नदीने सर्वांना खडबडून जागे केले. ही नदी छोटा नागपूरच्या डोंगरात उगम पावते. तो मुलूख तेव्हा बिहार प्रांतात होता. आता तो झारखंड राज्यात आहे. तेथून ती बंगालच्या सपाट मैदानात उतरते. १९४३ च्या जुलैमध्ये तिने बांध फोडला, गावे बुडवली, आणि कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग व मोठा रस्ता तोडून टाकला. महायुद्धाचे दिवस होते; कलकत्त्याचा संपर्क तुटणे सरकारला परवडणारे नव्हते.

पूर बंगालात येई. पण तो अडवायचा, तर धरणे बिहारात बांधावी लागणार होती. म्हणजे जमिनी बुडणार बिहारच्या आणि वाचणार बंगालची गावे. बिहारने हे का मान्य करावे? आंबेडकरांच्या खात्याने अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्याचे उदाहरण समोर ठेवले. तेथे नदीचे खोरे अनेक राज्यांत पसरलेले असूनही १९३३ मध्ये सबंध खोऱ्यासाठी एकच संस्था स्थापन झाली होती. तेथील अनुभवी अभियंते व्हुर्डुइन यांना बोलावण्यात आले. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि मध्यवर्ती सरकार यांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते. धरण केवळ पुरासाठी बांधू नये, त्यातून शेतीला पाणी, कारखान्यांना वीज आणि नावांना मार्ग मिळावा, हा विचार तेथे मांडला गेला. असे झाले, म्हणजे ज्याची जमीन बुडते त्यालाही वाटा मिळतो. बैठकी पुढेही होत राहिल्या, आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. बुडालेल्या गावांच्या लोकांना मिळालेला वाटा पुरेसा होता काय, हा प्रश्न पुढे पुष्कळ वर्षे विचारला गेला, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास, १९४५ मध्ये, देशातील जलमार्ग व पाटबंधारे यांसाठी एक मध्यवर्ती आयोग नेमण्यात आला. अयोध्यानाथ खोसला हे नामांकित अभियंते त्याचे अध्यक्ष झाले. नद्यांचे पाणी मोजणे, खोऱ्यांची पाहणी करणे, धरणांच्या योजना आखणे ही कामे या आयोगाने हाती घेतली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद भरली, तिचेही अध्यक्षस्थान आंबेडकरांकडे होते. पुराला शत्रू समजून नुसते बांध घालत बसण्यापेक्षा ते पाणी साठवून कामास लावावे, असा त्यांचा आग्रह होता. महानदीवरील हिराकूड धरणाची योजना याच विचारातून पुढे गेली.

देश स्वतंत्र झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पहिल्या मसुद्यात नदीच्या तंट्यांविषयी १९३५ च्या कायद्यातीलच जुनी पद्धत बहुतांशी घेतलेली होती. ९ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीपुढे तिच्या जागी नवे कलम मांडले. जुनी पद्धत एकाच साच्यात बसवलेली आहे. पुढे नद्यांचे तंटे वाढणार आणि निरनिराळ्या प्रकारचे असणार. त्यांच्यासाठी कोणती यंत्रणा असावी हे संसदेला कायद्याने ठरवू द्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तेच घटनेचे २६२ वे कलम होय. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीच्या पाण्याचा वापर, वाटप आणि नियंत्रण यांविषयीचे तंटे सोडवण्यासाठी संसद कायदा करू शकते, आणि अशा तंट्यांत कोणत्याही न्यायालयाने, अगदी सर्वोच्च न्यायालयानेही, हात घालू नये असे त्या कायद्यात लिहू शकते, असे हे कलम सांगते.

ज्याने एका तळ्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत लढत दिली, त्यानेच नद्यांचे तंटे न्यायालयांबाहेर ठेवण्याची सोय करावी, हे प्रथम चमत्कारिक वाटते. थोडा विचार केला म्हणजे त्यातील भेद कळतो. महाडला प्रश्न हक्काचा होता. तळे सार्वजनिक आहे की नाही, याचे उत्तर होय किंवा नाही असेच होते. नदीच्या बाबतीत दोन्ही राज्यांचा हक्क असतो. प्रश्न उरतो तो किती आणि केव्हा, हा. पाऊस किती पडतो, कोरड्या वर्षी काय करायचे, कोणत्या तालुक्यात कोणते पीक आहे, पुढील पिढीची गरज किती, हे सारे मोजल्याशिवाय त्याचा निवाडा होत नाही. त्याला कायदा जाणणाऱ्याइतकाच पाणी मोजणाराही जवळ बसावा लागतो.

संसदेने १९५६ मध्ये दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा. तंटा होण्याआधीच राज्यांनी एकत्र बसून खोऱ्याची आखणी करावी, यासाठी. दुसरा आंतरराज्य जलविवादांचा. तंटा झाल्यास आणि बोलण्याने न मिटल्यास केंद्र सरकारने लवाद नेमावा, यासाठी. खेदाची गोष्ट ही, की पहिल्या कायद्याखाली एकही नदी मंडळ स्थापन झाले नाही. दुसऱ्याचा उपयोग मात्र वारंवार करावा लागला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, आणि जुन्या मध्य प्रदेशात असलेला बुलढाणा जिल्हा विदर्भासह मुंबई राज्यात आला. निजामाचे हैदराबाद राज्य विभागले गेले. नद्या जागच्या जागी राहिल्या, सीमा मात्र हलल्या. त्यामुळे पाण्याचे जुने करार नव्याने तपासणे भाग पडले. हे पाहण्यास आंबेडकर फार काळ राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पैनगंगेचे पाणी ज्या गोदावरीला मिळते, तिच्यासाठी एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओरिसा हे त्यातील पक्षकार होते. लवादाने खोऱ्याचे उपखोऱ्यांत भाग पाडले. पैनगंगा हे त्यांतलेच एक. वाद चालू असतानाच, १९७५ मध्ये, राज्यांनी आपसात करार केले आणि बरीचशी वाटणी स्वतःच ठरवली. लवादाने ते करार आपल्या निवाड्यात सामावून घेतले आणि १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. अकरा वर्षे म्हणजे पुष्कळ झाली, असे कोणी म्हणेल; पण कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला गेला, त्याचा निवाडा २००७ मध्ये झाला, आणि त्यानंतरही ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१८ पर्यंत चालले.

पैनगंगेच्या खालच्या अंगाला दोन राज्यांनी मिळून एक धरण बांधावे, असेही ठरले. त्याच्या पाण्याचे शंभरांतील ८८ वाटे महाराष्ट्राचे आणि १२ वाटे आंध्र प्रदेशाचे, अशी वाटणी झाली. जी गावे बुडणार होती, त्यांनी या धरणास विरोध केला आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाल्यावर पलीकडच्या तीरावरचा शेजारी बदलला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र व तेलंगणा यांनी मुंबईत एकत्र बसून गोदावरी, प्राणहिता आणि पैनगंगा या नद्यांवरील बंधाऱ्यांविषयी करार केला. त्या वेळी लवाद नेमण्याची गरज पडली नाही.